विजार घातलेला मूळपुरुष

कतारहून परत आल्यापासून सांगलीत मला जो भेटतो तो दोनच गोष्टी विचारतो. ऊन फार होतं का, आणि तिकडे सोनं स्वस्त मिळतं का. ऊन होतं. सोन्याच्या दुकानाची पायरी मी चढले नाही. तिथे खरं काय घडलं ते सांगायला घेतलं की ऐकणाऱ्याला अचानक दूध आणायचं आठवतं, म्हणून शेवटी हे लिहून काढते आहे. लिहिलेल्यासमोरून उठून जाणाऱ्याची निदान पाठ तरी मला दिसणार नाही.

आधी माझ्याविषयी थोडं. मी आयुष्यभर कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला आणि उरलेल्या वेळात पार्थियन नाण्यांचा नाद केला. हे पार्थियन म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वीचे इराणचे राजे. त्यांच्या आधी तिथे ग्रीकांचं राज्य होतं आणि बाजाराला ग्रीक नाण्यांची सवय लागलेली. मग या राजांनी नाणी पाडली ती ग्रीक थाटाची. डोक्याला ग्रीक पद्धतीची फीत, भोवती ग्रीक अक्षरं, काहींनी तर स्वतःला ‘ग्रीकांचा मित्र’ म्हणवून घेतलं. अंगावर मात्र इराणी अंगरखा आणि दाढी. पुढे पुढे टाकसाळीतल्या कारागिरांना ग्रीक येईनासं झालं, तरी अक्षरं हवीतच, म्हणून ते नुसती बघून बघून कोरत राहिले आणि शेवटी अक्षरांच्या काटक्या झाल्या. आपल्याकडे वाचता येवो न येवो, लग्नपत्रिका इंग्रजीत छापतात, त्यातलाच प्रकार. या नाण्यांवर मी शोधनिबंध लिहिले, पण सगळे फोटोंवरून. खरं नाणं कधी हातात आलं नाही. सांगलीत ते कुठून येणार?

अल मन्सूरा

माझा भाचा मंदार दोह्याला आयटीत होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तेव्हा त्याचा फोन आला. “आत्या, घर बंद करायच्या आधी एकदा येऊन जा. नंतर म्हणशील, बोलावलं नाही.” मी म्हटलं, येते. माझ्या भावाच्या घरात मला बोलावणारा तो एकटाच उरला आहे.

अल मन्सूरा ही दोह्यातली जुनी वस्ती. टोलेजंग इमारती पाहायला गेलेल्या माणसाचा इथे हिरमोड होतो. खाली किराणा दुकानात कढीपत्त्याच्या जुड्या, शेजारी डोसेवाला, त्याच्या शेजारी कपडे अल्टर करून देणारा. मेट्रोतून उतरून चार पावलं टाकली आणि मला गणपती पेठेत आल्यासारखं वाटलं, फक्त गणपती पेठेत इतकी स्वच्छता नाही. घरात खोक्यांचे ढीग लागले होते. मंदारची बायको केतकी हातात चिकटपट्टी घेऊनच दार उघडायला आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “आत्या, आधी देवाला नमस्कार करा, मग चहा.”

देवघर पुस्तकांच्या फडताळात मांडलेलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि पुढे तबकात चांदीचा एक टाक. कुलदेवतांचे, पूर्वजांचे चांदीवर ठोकलेले टाक आमच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पुजले जातात. त्यात एक असतो घराण्याच्या मूळपुरुषाचा. तो मिरजेला माझ्या थोरल्या भाच्याकडे आहे, हे मला ठाऊक होतं.

“हा आपला मूळपुरुष,” केतकी म्हणाली.

मी वाकले. मूळपुरुषाला टोकदार दाढी होती. नाक मोठं होतं. डोक्याला फीत बांधलेली आणि तिची टोकं मागे लोंबत होती. कपाळावर हळदकुंकू होतं आणि दाढीत एक अक्षत अडकली होती. मी हा चेहरा पंचवीस पुस्तकांत पाहिला होता. गुडघे धरून मी तिथेच खाली बसले.

“काय झालं आत्या? चक्कर आली का?”

“केतकी, हा टाक तुला कुठे मिळाला?”

ती फाडकन बोलली. इकडे येताना तिने थोरल्या जाऊबाईंकडे मूळपुरुषाचा टाक मागितला होता. निदान त्याच्यावरून दुसरा पाडून घ्यावा एवढीच इच्छा. जाऊबाई म्हणाल्या, परदेशात देवाचं कोण बघणार, ठेवा इथेच. केतकीला ते लागलं. इथल्या जुन्या बाजारात इस्माईलभाई म्हणून एक राजापूरकडचे गृहस्थ जुन्या चिजा विकत, त्यांच्याकडे तिला हा दाढीवाला दिसला. चांदीचा, जुना, एका बाजूला तेजस्वी चेहरा, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेऊन बसलेला वीर. आणखी काय हवं? तिने गुरुजींना फोनवर घेऊन प्राणप्रतिष्ठा करवली आणि फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. जाऊबाईंनी फुलं पाठवली. नुसती ग्रुपवरची फुलं, पण पाठवली.

“जरा हातात दे,” मी म्हटलं.

“आत्या, रागावू नका,” केतकी म्हणाली, “पण तुम्ही दिल्या घरच्या. माहेरच्या मूळपुरुषाला लेकीने हात लावायचा नसतो. सासूबाईंनीच सांगितलंय मला.”

ते खरं होतं. माझ्याच आईने माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला हेच ऐकवलं होतं. पार्थियन नाण्यांसाठी जिने डोळे घालवले ती बाई सांगलीत दिली गेली म्हणून परकी, आणि कालपरवा सून होऊन आलेली केतकी घरची. मी नियमाला शिव्या घातल्या, मनातल्या मनात. मग तोडगा निघाला. मी आंघोळ करून भिंग घेऊन समोर बसायचं आणि केतकीने नाणं धरून दाखवायचं.

“उजवीकडे वळव. कड दाखव. आता उलट.”

“उलट कसा करू? पालथा देव अशुभ असतो.”

“मागे वीर आहे ना? मग त्याला दर्शन देऊ दे.”

हे तिला पटलं. कडेला बारीक चीर होती, ठशावर घाव बसताना पडते तशी. चित्र जरा एका बाजूला सरकलेलं. ओतीव नक्कल असती तर कडेवर कानशीचे ओरखडे दिसले असते. आणि अक्षरं, अहाहा, पार काटक्या. “मला वाटतं, खरं आहे,” मी म्हणाले, आणि मागून मंदारच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली.

“आत्या, खरं असेल तर प्रॉब्लेम आहे. इथून जुन्या ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर धरलं तर?”

“मूळपुरुष माझ्या पर्समधून येणार,” केतकी म्हणाली. “त्याला सोडून मी मिरजेला पाऊल ठेवणार नाही. जाऊबाईंना काय सांगू? परदेशात देव ठेवून आले? त्या हेच तर म्हणत होत्या!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मंदार देवघरासमोर डोळे मिटून उभा होता. “बाबा रे,” तो म्हणत होता, “काहीही कर, पण तू खोटा निघ.” आणि त्याने मनोभावे घंटा वाजवली.

समुद्राकाठचं वस्तुसंग्रहालय

नाणं ताडून पाहावं म्हणून आम्ही संग्रहालयात गेलो. इमारतीचं वर्णन करत नाही, ते इतरांनी भरपूर केलं आहे. मला आठवतो तो तिथला गारवा. बाहेर माणूस वाळतं आणि आत शाल लागते. मोत्यांच्या, होड्यांच्या, घोड्यांच्या दालनांतून पाय मोडेपर्यंत हिंडून आम्ही एका कोपऱ्यात पोचलो, आणि तिथे काचेत, खालून दिवा लावलेली, पार्थियन नाणी होती. मी काचेला नाक लावलं. मंदारने फोनमधला आमच्या नाण्याचा फोटो शेजारी धरला. तीच दाढी, तीच फीत, त्याच काटक्या.

“एकच आहे रे,” मी म्हटलं.

मागे वळून बघते तर केतकीने चपला काढल्या होत्या. ती काचेसमोर हात जोडून उभी. पाठोपाठ येणारं एक म्हातारं मल्याळी जोडपं थबकलं, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि म्हाताऱ्याने बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. तेवढ्यात पहारेकरी आला.

“मॅडम, चप्पल पहन लीजिए. ये मंदिर नहीं है.”

“पता है,” केतकी म्हणाली, “पर ये हमारे पूर्वज हैं.”

पहारेकरी नेपाळचा होता. त्याने काचेत वाकून नीट पाहिलं. “पूर्वज?” तो हळूच म्हणाला. “मैं रोज इनके सामने पीठ करके खड़ा रहता हूँ.” त्याने इकडेतिकडे बघितलं, पटकन एक नमस्कार केला, आणि पुन्हा मोठ्या आवाजात म्हणाला, “चप्पल पहनिए!”

आता मला राहवेना. शिक्षकाचं असंच असतं, फळा दिसला की खडू शोधतो. मी केतकीला म्हटलं, बाई गं, हा इराणचा राजा आहे, आपला कुणी नाही. मागे धनुष्य घेऊन बसलाय ती मूळची ग्रीकांची कल्पना, त्यांच्या नाण्यांवर त्यांचा धनुर्धारी देव असाच बसलेला असे. इराण्यांनी जागा तीच ठेवली, धनुष्य तेच ठेवलं, फक्त देव उठवला आणि तिथे विजार आणि टोपी घातलेला आपला माणूस बसवला.

“आपला म्हणजे कोण?” केतकीने विचारलं.

“म्हणजे त्यांच्या घराण्याचा संस्थापक. निदान बरेच अभ्यासक तसं मानतात. पुढे गादीवर कोणीही असो, नाण्याच्या मागे तो बसलेला असायचाच.”

“म्हणजे मूळपुरुष,” केतकी म्हणाली.

इतके निबंध लिहिले, पण हा शब्द मला सुचला नव्हता.

“मग मी वेगळं काय म्हणत होते?” केतकीने चपला घातल्या आणि ती विजयी चालीने पुढच्या दालनात गेली.

अल रुवैस

तरीही केतकीच्या मनात एक आशा होती. विकणारा स्वतः म्हणाला की माल खोटा, तर विमानतळाचा प्रश्न मिटला. इस्माईलभाईंनी दुकान मुलांवर सोपवलं होतं आणि ते उत्तरेला अल रुवैसला भावाकडे राहत होते. मंदारने गाडी काढली. शहर संपल्यावर कतारमध्ये बघण्यासारखं फारसं काही नाही, आणि ते इतकं दूरवर नाही की मन शांत होतं. अल रुवैस म्हणजे मासेमारीचं लहानसं बंदर. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. त्या जवळून पाहायला मी चार पावलं पुढे गेले आणि माझी डावी चप्पल कतारच्या ताब्यात गेली. काढायचा प्रयत्न केला तसा मंदार ओरडला, “आत्या, खलास! सोड ती!” मी एका पायाने लंगडत इस्माईलभाईंच्या दारात उभी राहिले.

त्यांच्या घरातल्या बाईंनी आधी पायावर पाणी घातलं, स्वतःच्या रबरी सपाता दिल्या, आणि मग पानं मांडली. तांदळाची भाकरी आणि हामूर माशाचं नारळ घातलेलं तिखलं. वाळवंटाच्या टोकावर बसून मी रत्नागिरीचं जेवण जेवले आणि बोटं चाटली. केतकीने त्या दिवशी उपास धरला होता, मूळपुरुष खोटा निघावा म्हणून. तिने खजूर खाल्ले.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “भाई, एक विचारू? तुम्ही मला दिलं ते नाणं खोटं होतं ना?”

इस्माईलभाईंचा हात दाढीवरच थांबला. “कोन बोलला?”

“कोणी नाही. पण असेलच ना खोटं? बाजारात चालतंच असं. आम्ही रागावणार नाही.”

“ताई, मी खोटा माल इकत नाय. वल्लाह, खरा हाय तो. इराणच्या गलबतावरच्या म्हाताऱ्याकडनं घेतलेला.”

“थोडा तरी खोटा असेल?”

“नाय म्हंजे नाय!”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. इस्माईलभाई माझ्याकडे वळले. “बाई, तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. इतकी वर्सां धंदा केला. माल खोटा निघाला म्हनून भांडाया लोक येतात. खरा निघाला म्हनून रडाया आलेली ही पयलीच.”

मंदारने सगळी हकीकत सांगितली. इस्माईलभाईंनी ती गंभीरपणे ऐकली. देवाधर्माच्या गोष्टीत ते एकदम मवाळ झाले. “तर मग असा करू,” ते म्हणाले. “बाजारात हुबेहूब खोटा मिलतो. पोराला सांगतो, आनून देल. तो बिनघोर घेवन जा.”

मंदारचा चेहरा उजळला. पण केतकीने डोळे पुसले आणि मान हलवली. “तो तोतया होईल, भाई. तोतयापुढे दिवा कसा लावू?”

“ह्ये खरां,” इस्माईलभाई म्हणाले. आणि आमच्यातला सगळ्यात व्यवहारी माणूसच तिच्या बाजूने झाल्यावर मंदारने गाडीची किल्ली उचलली.

पुन्हा अल मन्सूरा

केतकी खोकी भरत होती, देवघर सोडून. मला तिचा थोडा राग आला होता आणि स्वतःचा जास्त. मी नसते आले तर मूळपुरुष अज्ञानात सुखाने मिरजेला गेला असता, किंवा सगळे तुरुंगात गेले असते, पण निदान त्याला मी कारण नसते.

दुपारी भांडी कागदात गुंडाळताना केतकी एकदम म्हणाली, “आत्या, पहिल्या वर्षी मी इथे कोणाशी बोलत होते माहितीय? मंदार सकाळी जायचा तो रात्री यायचा. आई गेली तेव्हा मला वेळेवर तिकीट मिळालं नाही. मी त्याच्यापुढे बसून रडले. तो इराणचा का असेना, त्याने ऐकलं.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

“त्याला चोरून न्यायचं म्हणजे त्याचा अपमान,” थोड्या वेळाने तीच म्हणाली. “राजा माणूस. माझ्या पर्समध्ये, रुमालात लपवून? संग्रहालयात त्याचे भाऊबंद आहेत. तिथेच देऊ या. पण देव म्हणून नाही देता येणार. उत्तरपूजा करावी लागेल.”

मिरजेच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. ते कुठल्यातरी मुंजीच्या पंगतीत होते, हात धुऊन आले. मंदारने परिस्थिती समजावली.

“राजा इराणचा, बरं,” गुरुजी म्हणाले. “गोत्र?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आयुष्यभराचा अभ्यास या प्रश्नापुढे उघडा पडला. “माहीत नाही, गुरुजी.”

“माहीत नाही तिथे काश्यप. ज्याला गोत्र नाही त्याचं काश्यप. हां, हातात अक्षता घ्या.”

अशा रीतीने पार्थियाचा राजाधिराज, ग्रीकांचा मित्र, काश्यपगोत्री झाला. गुरुजींनी सांगितलं, आता तेजाने स्वस्थानी परत जावं अशी प्रार्थना करा. मंदारने मध्येच विचारलं, “स्वस्थान म्हणजे इराण की मिरज?”

“ते त्यांचं त्यांना ठाऊक असतं,” गुरुजी म्हणाले. “तू पत्ता सांगू नकोस.”

केतकीने अक्षता वाहिल्या, तबक जरासं हलवलं, आणि देवघरातली जागा मोकळी झाली. मग तिने स्वतःच जाऊबाईंना फोन लावला. ती खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. “आमच्या मूळपुरुषाचं विसर्जन केलं,” ती म्हणाली. “आता आल्यावर तुमच्याकडेच नमस्काराला येईन.” मग जाऊबाई म्हणाल्या, “ये. तुझ्यासाठी दुसरा टाक पाडायला टाकू सोनाराकडे.” फोन ठेवून केतकीने देवघराचं खोकं भरायला घेतलं.

शेवटचा दिवस

संग्रहालयातल्या अधिकारी बाई तरुण होत्या, काळ्या अबायात, बोलायला फार गोड. त्यांनी आम्हाला कॉफी दिली, खजूर दिले आणि कापसावर ठेवलेलं नाणं दिव्याखाली धरलं. बराच वेळ पाहिलं. खरं आहे, त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग कपाळाला आठी घालून विचारलं, हे इतकं चकचकीत कसं? कोणी घासलं?

“मी,” केतकी अभिमानाने म्हणाली. “दर गुरुवारी. आधी चिंच, मग रांगोळी.”

बाईंनी डोळे मिटले. बहुधा त्या मनात काही मोजत असाव्यात. दोन हजार वर्षांचा काळा थर केतकीने भक्तिभावाने उतरवला होता आणि त्याबरोबर राजाच्या नाकाचा शेंडाही. पण डोळे उघडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “त्याची फार काळजी घेतली तुम्ही.” माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर उत्पन्न झाला तो अजून टिकून आहे.

मंदारने त्यांना सांगितलं की आत्याने याच नाण्यांचा अभ्यास केला आहे, पण कधी हातात घेतलं नाही. त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, मग घ्या की, इथे खुर्चीवर बसून, कापसावर हात ठेवून. मी केतकीकडे बघितलं. उत्तरपूजा झालेली होती. आता माहेर नाही, सासर नाही, कुणाची मनाई नाही. तिने मान डोलावली.

नाणं माझ्या तळहातावर आलं. वाटलं होतं त्याहून ते लहान होतं आणि जड. काय काय पाहायचं ते मी वर्षानुवर्षं ठरवून ठेवलं होतं. ठशाची जोडी, अक्षरांची वळणं, धनुष्याची दोरी. भिंग पर्समध्ये होतं. ते काढायला मी हात हलवला, पण हात पर्सकडे गेला नाही. तो वर गेला आणि मी नाणं कपाळाला लावलं.

“आत्या,” केतकी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आता ते नुसतं नाणं आहे हो.”

“माहितीय गं,” मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा लावलं.